दुसरी सही

रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा धोक्याचा असतो असं मी सांगितलं की लोकांना वाटतं मी उलटं बोलतेय. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी हमखास विचारतं, "तू नक्की काय करतेस गं?" आजूबाजूला सगळे आयटीतले, नाहीतर गाड्यांच्या कारखान्यातले. मी म्हणते, क्रेन. लगेच समोरच्याची नजर वर जाते, बांधकामावरच्या त्या उंच क्रेन शोधायला. मग मला त्यांना खाली आणावं लागतं. ट्रकच्या केबिनमागे घडी घालून बसलेली क्रेन असते ना, विटा-कौलं उतरवायची? ती ट्रकवर बसवायची आणि बसवल्यावर ट्रक आडवा होणार नाही याची खात्री करायची, हे माझं काम. "अच्छा अच्छा," म्हणतात आणि बटाटेवड्यांकडे वळतात. त्यांचंही काही चूक नाही. मलाच आता समजावून सांगायचा उत्साह राहिलेला नाही.

तरी एवढं सांगायलाच हवं. क्रेन हात लांब करून एका बाजूला वजन उचलते तेव्हा ट्रक त्या बाजूला कलंडायला बघतो. त्याला धरून ठेवतं ते त्याचं स्वतःचं वजन, आणि दोन्ही बाजूंना बाहेर काढून जमिनीवर टेकवलेले लोखंडी पाय. हौद्यात माल असेल तर उत्तमच, मालही ट्रकला खाली दाबून धरतो. पण ट्रक तो माल उतरवायलाच आलेला असतो. एकेक पॅलेट उतरतं तसा तो हलका होत जातो, आणि शेवटचं पॅलेट हवेत असतं तेव्हा हौद्यात काहीच उरलेलं नसतं. म्हणून युरोपातला नियम म्हणतो की टेस्ट रिकाम्या ट्रकवर घ्या. प्रत्येक ट्रकची वेगळी घ्या, कारण दोन ट्रक कधी सारखे नसतात. नेहमीपेक्षा जास्त वजन टांगा, हात लांब करा, सावकाश सगळीकडे फिरवा आणि चाकांवर नजर ठेवा. एखादं चाक उचललं गेलं तर चालतं, एखादा पाय जमिनीवरून सुटला तरी चालतं, पण हँडब्रेकने धरलेलं एक तरी चाक जमिनीवर राहिलंच पाहिजे. ज्या दिशेला ट्रक कमजोर ठरेल त्या दिशेला कमी वजन उचलायचं, आणि तो आकडा क्रेनच्या संगणकात भरायचा. मग चालवणाऱ्याच्या हातातल्या रिमोटवर हिरवा दिवा लागतो. तो हिरवा आहे तोवर चालवणारा बिनघोर उचलतो. त्याने आणखी काय बघायचं?

आमचं वर्कशॉप नेकारसुल्मपासून फार लांब नाही. तीसेक माणसं, दोन शेड, मध्ये एक अंगण. नव्या ट्रकची नुसती चासी येते, तिच्यावर आम्ही क्रेन आणि हौदा चढवतो. आठ वर्षांपूर्वी गाड्यांच्या कारखान्यातलं माझं कंत्राट संपलं आणि दुसरीकडे कुठे जमेना, तेव्हा मी इथे आले. आल्या दिवशी माझ्या वाट्याला माइस्टर आले. माइस्टर ही इथे कारागिराची सगळ्यात वरची पदवी. त्यांना सगळे नुसतं माइस्टरच म्हणत, मालकसुद्धा. निळा डगला, वरच्या खिशात पेन्सिल, आणि बोलणं इतकं कमी की सुरुवातीला मला वाटायचं आपल्यावर रागावलेत.

रागावलेले नसत. सकाळी नऊला सगळे काम टाकून न्याहारीला बसत, आमच्या भागात, श्वाबियात, त्याला वेस्पर म्हणतात, तेव्हा ते स्वतःच्या डब्यातली काकडीची लोणची न विचारता माझ्यापुढे सरकवत. मी मांस खात नाही हे त्यांनी पहिल्या दिवशी ऐकलं होतं, परत कधी विचारलं नाही. स्टॅबिलिटी टेस्ट कशी घ्यायची हे त्यांनीच मला शिकवलं. "वजनाकडे सगळेच बघतात," ते म्हणत. "तुम्ही चाकाकडे बघा." आठ वर्षांत आम्ही एकमेकांना अहोजाहोच करत राहिलो.

टेस्टच्या कागदावर दोन सह्या लागतात. पहिली टेस्ट घेणाऱ्याची. दुसरी करणाऱ्याने आकडे पडताळायचे, फोटो बघायचे, शंका काढायच्या आणि मगच सही करायची. जर्मन लोक याला चार डोळ्यांचं तत्त्व म्हणतात आणि ते त्यांच्या अगदी रक्तात आहे. माइस्टर टेस्ट घेत, दुसरी सही माझी.

आता माझ्या सहीबद्दल. माझी पहिली नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत, ड्रॉइंग ऑफिसात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकटी असायच्या, काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं. मधली चौकट माझी. लागल्यावर महिन्याभरातच एका वरिष्ठ सरांच्या ड्रॉइंगमध्ये दोन भोकांमधलं अंतर चुकलेलं मला दिसलं. मी मोठ्या हुशारीने ते घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. सगळं ऑफिस माना वळवून बघायला लागलं. दुपारी हेडनी मला बाहेर बोलावलं. "मॅडम, सरांनी काढलंय ना? मग तुम्ही काय तपासताय?" तेव्हा मला कळलं की वडीलधाऱ्यांना नमस्कार करतो तशी ती सही करायची असते. भोकं नंतर चुकलेलीच पडली, पण त्याचं खापर ड्रिलिंगवाल्यावर फुटलं.

ही शिकवण मी सामानात घालून जर्मनीला आणली. पहिल्या वर्षी माइस्टरांचे कागद मी ओळन् ओळ वाचले, कारण मला काहीच येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी चाळू लागले. त्यानंतर कागद संगणकावर आले, आणि मी शेवटचं पान उघडून सही टाकून बंद करू लागले. ज्या माणसाने मला चाकाकडे बघायला शिकवलं त्याचा कागद तपासणं मला उद्धटपणा वाटे. आणि खरं सांगायचं तर कंटाळाही होता. दुपारी चारला पाच कागद पडलेले असायचे, मुलीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं असायचं, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल राहिलेला असायचा. आदर आणि कंटाळा एकत्र आले की माणूस फार सोयीस्करपणे चुकतो. मी पाट्या टाकत होते आणि त्याला मान ठेवणं म्हणत होते.

आमच्या ऑफिसात कोपऱ्यात येनाहून आलेला एक सहकारी बसतो. टेस्टचे आकडे क्रेनच्या संगणकात भरणं हे त्याचं काम. तो सगळं वाचतो. ऑफिसात नवीन कॉफी मशीन आलं तेव्हा त्याने माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि मगच बटण दाबलं. मागे आम्ही सहाजण कप धरून उभे. त्याची टिंगल करण्यात मी सगळ्यात पुढे होते.

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. माइस्टरांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. सकाळी दहाच्या सुमारास माझा फोन वाजला. छपराचं सामान विकणाऱ्या एका दुकानाची ड्रायव्हर होती. पन्नाशीची, खरखरीत आवाजाची बाई. तीन आठवड्यांपूर्वीच आमच्याकडून नवा ट्रक घेऊन गेली होती. द्राक्षमळ्यांच्या चढावरच्या एका गावात ती कौलं उतरवत होती.

"आल्झो, म्हणजे तशी तक्रार नाहीये," ती म्हणाली. जर्मन माणूस असं म्हणाला की समजायचं, तक्रार आहे. "पण तुमची क्रेन जरा नाचते."

"नाचते म्हणजे?"

"शेवटचं पॅलेट बाहेर नेलं की पलीकडची चाकं वर येतात. पुढचं येतं, मागचंही येतं वाटतं, मला इथून नीट दिसत नाही. दिवा मात्र हिरवाच."

"पाय पूर्ण बाहेर काढलेस ना?"

"गेनाऊ, अगदी पूर्ण. खाली पाट्यासुद्धा ठेवल्यात. परवापण असंच झालं."

"एखादं चाक उचललं गेलं तर चालतं," मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "किती राहिलंय?"

"दोन पॅलेट."

"हळू घे. मी कागद बघून फोन करते."

हळू घे. थांब म्हणायला हवं होतं, एकच शब्द होता. पण माझ्या मनात आलं, टेस्ट माइस्टरांनी घेतलीय, मग ठीकच असणार. हिने पाय नीट टेकवले नसतील.

मी कागद उघडला. खाली माझी सही होती. आकडे व्यवस्थित होते. आठ फोटो जोडलेले होते, आणि ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. चौथ्या फोटोत ट्रक बाजूने दिसत होता, क्रेनचा हात लांब केलेला, टोकाला आमची पिवळी टेस्टची वजनं. आणि ट्रकच्या हौद्यात, फाळक्याच्या वर डोकावणारा एक पिवळा कोपरा. त्याच्यावर कडी. आमचंच तिसरं वजन. एक टनाचं.

बघताक्षणी सगळं कळलं. त्या आठवड्यात ड्रेनेजच्या पाइपसाठी अर्धं अंगण खोदलेलं होतं. वजन ठेवायला जागा नाही म्हणून फोर्कलिफ्टने ते तात्पुरतं त्याच ट्रकच्या हौद्यात ठेवलं असणार, आणि मग विसरले. टेस्टभर ते एक टन ट्रकला खाली दाबून बसलं होतं. रिकाम्या म्हणून पास केलेला ट्रक रिकामा नव्हताच. जो आकडा कमी करायला हवा होता तो तसाच संगणकात गेला, आणि त्या बाईचा दिवा हिरवा लागला.

लगेच त्या बाईला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. रिमोट कमरेला बांधून ती बाहेर उभी असणार आणि फोन केबिनमध्ये वाजत असणार. पाचवेळा लावला. मग तिच्या दुकानातून पत्ता घेतला आणि किल्ली उचलली.

शेडमधून जाताना एका ट्रकखालून माइस्टरांचे बूट बाहेर आलेले दिसले. मी थांबले. वाटलं, आधी त्यांना सांगावं, त्यांच्या पाठीमागे आपण असं धावत सुटणं बरं दिसणार नाही. मोजून अर्धं मिनिट मी त्या बुटांकडे बघत उभी होते. तिकडे एक बाई पॅलेट उचलत होती आणि मी इकडे विचार करत होते की यांना काय वाटेल. ते अर्धं मिनिट आठवलं की अजून माझं मला तोंड दाखवावंसं वाटत नाही.

वीस मिनिटांचा रस्ता, त्यात उमलाइटुंग. रस्ता बंद, वळणावळणाने जा. पुढे ट्रॅक्टर. मी मराठीत शिव्या दिल्या, ज्या मी एरवी देत नाही.

गावातली गल्ली चढाची होती. ट्रक दिसला तेव्हा हौदा रिकामा होता आणि शेवटचं पॅलेट एका बागेच्या भिंतीवरून पलीकडे निघालं होतं. पलीकडे परांची बांधलेलं घर, परांचीवर दोन माणसं. ट्रकच्या माझ्या बाजूची चाकं जमिनीपासून वीतभर वर होती. पुढचंही, मागचंही. मी वाकून बघितलं, त्या बाजूचा पायसुद्धा सुटला होता. पलीकडची चाकं मला दिसत नव्हती.

ओरडून चालत नाही. चालवणारा दचकला की हातातला दांडा हलतो आणि क्रेन झटका मारते. मी ट्रकला वळसा घालून, तिला आधीपासून दिसेल अशी, तिच्या समोर चालत गेले आणि दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिले. थांबा. ही खूण जगात सगळीकडे सारखी. तिने दांड्यावरून बोटं काढली. पॅलेट हलकंसं झुलत राहिलं.

"आता काही खाली सोडू नकोस, फिरवू नकोस," मी म्हणाले. "आधी हात आत घे. हळू. अजून आत."

तिने एकेक टप्पा आत घेतला. वजन ट्रकच्या जवळ आलं तशी चाकं खाली आली, आधी मागचं, मग पुढचं. टायर टेकल्याचा आवाज झाला. वरून परांचीवरचा माणूस ओरडला की कौलं मिळणार आहेत की नाही. मी तिथल्या फरशीवर बसले.

"म्हणजे नाचतेच ना?" ती बाई म्हणाली.

"नाचते."

"आणि हा हिरवा दिवा?"

"चुकीचा आहे. आतला आकडाच चुकलाय."

"कोणी भरला?"

"आम्ही."

मग तिने रिमोटचा पट्टा कमरेवरून काढला आणि माझ्या शेजारी ठेवला. "काल शाळेच्या अंगणात उतरवलं मी," ती म्हणाली. तिला पट्टा पुन्हा बांधायला लावून पॅलेट मी ट्रकच्या अगदी जवळ, तिच्याकडून इंचाइंचाने उतरवून घेतलं. कौलं त्या दोघांनी हाताने वाहून नेली आणि आम्हाला जे बोलायचं ते बोलले. क्रेन बंद करून, वापरू नये अशी चिठ्ठी लावून ट्रक आमच्याकडे आणला.

परतताना गाडीत मी माइस्टरांशी काय बोलायचं ते घोकत होते. कोणाच्याही हातून होऊ शकतं. त्या आठवड्यात अंगणच खोदलेलं होतं. तीन ट्रक एकदम आले होते. वडील माणसाची चूक त्यांच्या तोंडावर सांगायची म्हणजे आधी इतकी पांघरुणं घालावी लागतात.

ते काचेच्या केबिनमध्ये बसले होते. मी फोटो पुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर केला, कागद नाकाशी नेला, पुन्हा चष्मा खाली घेतला.

"हे आपलं वजन आहे," ते म्हणाले.

"हो."

"माझी चूक." इतकंच. कुठलंही कारण नाही. मग विचारलं, "ती बाई?"

"ठीक आहे. कोणाला काही झालं नाही." मग माझी घोकंपट्टी सुरू झाली. "माइस्टर, हे कोणाच्याही हातून होऊ शकतं."

"या," ते म्हणाले. जर्मनमध्ये या म्हणजे हो. "म्हणूनच दोघं असतात." आणि त्यांचं बोट कागदावरून खाली गेलं, माझ्या सहीपाशी थांबलं. "तुम्ही हा फोटो बघितला होता?"

"नाही."

"बाकीचे?"

"नाही."

"दुसऱ्या ट्रकांचे?"

ते वाट बघत राहिले. त्यांना वाट बघता येते.

"पहिल्या वर्षानंतर नाही," मी म्हणाले. "तुमचा कागद आहे म्हटल्यावर... आमच्याकडे मोठ्यांनी केलेलं काम तपासत नाहीत. तुमचा मान म्हणून." नॉर्ममधली, म्हणजे टेस्टच्या नियमावलीतली, लांबलचक कलमं मी जर्मनमध्ये अस्खलित म्हणते, पण हे एक वाक्य बोलताना मी तीनदा अडखळले. आणि मोठ्याने म्हटल्यावर ते मला स्वतःलाच पोकळ वाटलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"दोन वर्षं झाली, माझे डोळे अधू झालेत," ते म्हणाले. "विसरतोही. बायकोला माहीत आहे, आणखी कोणाला नाही. मला वाटायचं, दोन वर्षं आधी घरी जाऊन काय करू? इथे मी काही चुकलो तर पुढे तुम्ही बघताच. एकदाही कागद परत आला नाही. मी म्हणायचो, म्हणजे अजून जमतंय." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मी तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर काम करत होतो."

मी सॉरी म्हणाले आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करून उठले. मालकांकडे जाऊन त्यांनी स्वतः सगळं सांगितलं. स्वतःचंच. माझ्या सहीचं मी सांगितलं.

मग तीन दिवस मागच्या वर्षांचे सगळे कागद बाहेर निघाले. मी, माइस्टर आणि तो येनावाला. एकेक फोटो मोठा करून बघायचा. डोळे चुरचुरायला लागत. दोन ठिकाणी पायांच्या रुंदीचा आकडा चुकलेला सापडला, नशिबाने सुरक्षित बाजूला चुकलेला. त्या ट्रकांना बोलावणं गेलं. मला आब्मानुंग मिळाली, म्हणजे लेखी ताकीद, जी फाइलला लागते. माइस्टरांनाही मिळाली, निवृत्तीला सोळा दिवस राहिलेले असताना. त्यांनी ती घडी करून वरच्या खिशात पेन्सिलीशेजारी ठेवली.

घरी नवरा म्हणाला, "अगं पण शेवटी काही झालं नाही ना?" चांगल्या मनानेच म्हणाला, पण मला त्याचा इतका राग आला की मी ताट तसंच टाकून उठले. मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं, बोलते जर्मनच. तिने मान वर न करता विचारलं, पण सही तर तू केली होतीस ना? तिच्या बाबाने तिला डोळे मोठे करून दाखवले. ती म्हणाली, मी फक्त विचारलं.

त्या ट्रकची फेरटेस्ट गुरुवारी झाली. ती ड्रायव्हर बाई बघायला आली होती, हाताची घडी घालून फाटकाशी उभी. मी हौद्यात चढून कोपरे झाडले, चारही फाळके उघडून ठेवले. टेस्ट माइस्टरांनीच घेतली. मालक म्हणाले होते दुसऱ्या कोणी घ्यावी, पण माइस्टर म्हणाले, चुकवली मी, निस्तरणार मी. नोव्हेंबरातला चिकट पाऊस होता. ते वाकून चाकांकडे बघत होते, एका हाताने टायरखालची फट चाचपत होते, कारण नुसत्या डोळ्यांनी त्यांना ती दिसत नव्हती हे आता मला माहीत होतं. त्या बाजूची क्षमता बरीच खाली आली. नवा आकडा संगणकात गेला. मग त्याच जागेपर्यंत हात लांब केल्यावर दिवा लाल झाला आणि क्रेन जागच्या जागी थांबली. बाईने मान हलवली आणि कॉफी प्यायला आत गेली.

कागद तयार व्हायला दुपार झाली. माइस्टरांच्या कारकिर्दीतला तो शेवटचा टेस्टचा कागद होता, आणि तो त्यांनी छापून घेतला. मी टेबल साफ करून बसले होते. वाचायचा चष्मा लावला होता, पेन हाताशी, नॉर्मचं जाडजूड पुस्तक उघडून ठेवलेलं. ठरवलं होतं, ओळन् ओळ वाचायची. तास लागला तरी चालेल, प्रश्न विचारायचे, त्यांना राग आला तरी चालेल.

ते कागद घेऊन आले. माझ्या टेबलापाशी त्यांची चाल जरा हळू झाली. मग ते पुढे गेले, कोपऱ्यातल्या टेबलाकडे.

येनावाल्याने कागद घेतला, दिवा जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आमच्या ऑफिसात कोणी हसलं नाही. माइस्टर मागे हात बांधून भिंतीशी उभे राहिले. चाळीस मिनिटं झाली असतील. मधूनमधून तो बोट ठेवून काही विचारी, ते वाकून सांगत, मग तो पुढचं पान उलटायचा. मी माझ्या टेबलावर पेन धरून बसले होते, कारण काही तरी धरून बसायला हवं होतं.

शेवटी त्याने फोटोंवरून मान वर केली आणि विचारलं, "हौदा रिकामा होता?"

"हो," माइस्टर म्हणाले. "आज होता."

त्याने सही केली. एवढंच विचारायचं होतं. वयाने, अनुभवाने, कशानेही मोठ्या असलेल्या त्या माणसाला तीन शब्दांचा प्रश्न विचारायचा होता, आणि मी सात वर्षं त्यांचा मान ठेवत बसले होते.